हवामान बदल आणि न्यायालये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामान बदलाच्या प्रश्नावर लोक न्यायालयांकडे का वळत आहेत, तिथे त्यांना काय मिळते आणि काय मिळत नाही, याविषयी पुन्हापुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्येक देशाची न्यायव्यवस्था वेगळी असल्याने प्रत्यक्ष दावा करताना तिथल्या वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल.

हवामान बदलाचा खटला म्हणजे नेमके काय?

ज्या खटल्यात हवामान बदलाची कारणे, त्याचे परिणाम किंवा त्याविषयीचे सरकारी धोरण हाच वादाचा मुख्य मुद्दा असतो, त्याला हवामान खटला म्हणतात. उत्सर्जन घटवण्याचे उद्दिष्ट वाढवावे, खाणीची मंजुरी रद्द करावी, तेल कंपनीने भरपाई द्यावी किंवा फसवी जाहिरात मागे घ्यावी, अशा अनेक प्रकारच्या मागण्या त्यात असू शकतात. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या मोजणीनुसार २०१७ साली जगभरात अशी ८८४ प्रकरणे होती आणि २०२२ अखेर ती २,१८० झाली. त्यांतली बहुसंख्य अमेरिकेतली आहेत. यातला प्रत्येक खटला पर्यावरणाच्या बाजूने असतो असे मात्र समजू नये, कारण हवामानविषयक नियम मोडीत काढण्यासाठी कंपन्या आणि काही राज्य सरकारेही न्यायालयात जातात.

हा विषय कायदेमंडळाचा आहे. न्यायाधीशांनी त्यात का पडावे?

हा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. किती वीज कोळशातून घ्यायची, इंधनावर किती कर लावायचा, कोणत्या उद्योगाला किती मुदत द्यायची, हे ठरवण्यासाठी लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असतात. त्यांना ठरावीक वर्षांनी लोकांसमोर जावे लागते, न्यायाधीशांना तसे जावे लागत नाही. म्हणूनच विचारपूर्वक दिलेल्या बहुतेक निकालांत न्यायालयांनी ‘हे असे करा’ असे सांगण्याचे टाळले आहे आणि ‘जे करायला तुम्ही बांधील आहात ते केलेत का’ एवढेच विचारले आहे.

नेदरलँड्समधला उर्गेंडा खटला हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. उर्गेंडा ही संस्था आणि तिच्यासोबत सुमारे ९०० नागरिक २०१३ साली सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. विकसित देशांनी २०२० पर्यंत आपले उत्सर्जन १९९० च्या तुलनेत २५ ते ४० टक्क्यांनी घटवणे आवश्यक आहे, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे तिथल्या सरकारने आंतरराष्ट्रीय बैठकांत स्वतःच मान्य केले होते. प्रत्यक्षात मात्र देशाचे आधीचे ३० टक्क्यांचे उद्दिष्ट खाली आणले गेले होते. हेगच्या जिल्हा न्यायालयाने २०१५ मध्ये किमान २५ टक्के घट करण्याचा आदेश दिला, अपील न्यायालयाने तो २०१८ मध्ये कायम केला आणि २० डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. घट कोणत्या मार्गाने करायची हे ठरवणे मात्र सरकारवरच सोडले गेले.

माझ्या मते या साऱ्या प्रयत्नांचा गाभा इथे आहे. राज्यकर्त्यांनी दिलेल्या शब्दाचा हिशेब मागणे हे न्यायालयांचे जुनेच काम आहे आणि हवामान बदलाच्या बाबतीत ते काम करायला दुसरे कोणी फारसे पुढे येत नाही. निवडणुकीचे चक्र चार-पाच वर्षांचे असते, तर आज हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षे वातावरणात राहतो. ज्यांना त्याची सर्वाधिक झळ बसणार आहे, त्यांतल्या अनेकांना आज मताधिकार नाही. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलै २०२० रोजी सरकारची राष्ट्रीय योजना रद्द केली, ती याच न्यायाने. संसदेने २०१५ साली केलेल्या कायद्याला २०५० पर्यंतच्या वाटचालीची नेमकी योजना हवी होती, आणि सरकारची योजना इतकी मोघम होती की सरकार खरोखर काय करणार आहे हे सामान्य नागरिकाला ती वाचून कळलेच नसते. सातही न्यायाधीशांचे यावर एकमत झाले. संसदेने केलेला कायदा सरकारला पाळायला लावणे म्हणजे संसदेवर कुरघोडी करणे, असे कसे म्हणता येईल?

कोणत्या कायद्याच्या आधारे दाद मागता येते?

ढोबळमानाने चार वाटा आहेत. पहिली वाट अस्तित्वात असलेल्या कायद्याची. मॅसॅच्युसेट्ससह बारा राज्यांनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की हरितगृह वायू हे हवा प्रदूषण कायद्याच्या व्याख्येत बसतात आणि त्यांच्याविषयी निर्णय घेण्याचे टाळायचे असेल तर संस्थेला त्या कायद्यातलीच कारणे द्यावी लागतील. नवा कायदा करायला न लावता, जुन्याच कायद्याचा अर्थ लावून हे साधले गेले.

दुसरी वाट मूलभूत हक्कांची. जगण्याचा हक्क, खासगी व कौटुंबिक जीवनाचा हक्क आणि काही राज्यघटनांत स्पष्टपणे लिहिलेला निरोगी पर्यावरणाचा हक्क, यांवर आजचे सर्वांत गाजलेले निकाल उभे आहेत. जर्मनीच्या संघराज्य घटना न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेला आणि एप्रिलच्या अखेरीस जाहीर झालेला निर्णय या संदर्भात मुळातून वाचण्याजोगा आहे. तिथल्या २०१९ च्या हवामान कायद्यात २०३० पर्यंतचेच टप्पे नीट ठरवलेले होते. न्यायालयाचा युक्तिवाद असा, की उरलेला कार्बनचा कोटा (तापमानवाढ मर्यादेत ठेवायची तर अजून सोडता येईल एवढा कार्बन डायऑक्साइड) आजच्या पिढीने जवळपास संपवून टाकला, तर २०३० नंतरच्या लोकांवर इतकी कठोर बंधने घालावी लागतील की त्यांच्या जगण्यातले जवळजवळ प्रत्येक स्वातंत्र्य धोक्यात येईल. म्हणून ते ओझे पिढ्यांमध्ये न्याय्यपणे वाटणे हे आजच्या कायदेमंडळाचे कर्तव्य ठरते. पर्यावरणाच्या प्रश्नाचा विचार स्वातंत्र्याच्या अंगाने करणारी ही मांडणी मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे ‘पर्यावरण की स्वातंत्र्य’ हे नेहमीचे द्वंद्वच मोडून पडते.

तिसरी वाट दिवाणी कायद्याची, म्हणजे निष्काळजीपणा, उपद्रव आणि दुसऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून काळजी घेण्याचे कर्तव्य यांची. चौथी वाट ग्राहक संरक्षणाची आहे. ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये केएलएम विमान कंपनीने केलेल्या ‘शाश्वत’ प्रवासाच्या १९ दाव्यांपैकी १५ दावे दिशाभूल करणारे ठरवले.

आमच्या देशाचा वाटा म्हणजे दर्या में खसखस. मग आमच्यावरच जबाबदारी का?

जवळजवळ प्रत्येक सरकार हा बचाव करते, आणि अनेक न्यायालयांनी तो फेटाळला आहे. उर्गेंडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर सरळ होते. प्रत्येक देशाने हाच बचाव केला तर कोणालाच जबाबदार धरता येणार नाही, आणि उरलेला कोटा ठरावीक असल्याने कोणतीही घट नगण्य नसते. म्हणून प्रत्येकाने आपापला वाटा उचलायचा.

दाद मागण्याचा अधिकार कोणाला असतो?

कित्येक खटले याच पायरीवर अडखळतात. हवामान बदलाचा त्रास सर्वांनाच होतो, पण न्यायालयात जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी आपला त्रास इतरांपेक्षा वेगळा आणि प्रत्यक्ष आहे हे दाखवावे लागते. अमेरिकेत २१ मुलांनी आणि तरुणांनी २०१५ साली दाखल केलेला जुलियाना खटला इथेच बुडाला. जानेवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने सांगितले, की मुलांना होणारे नुकसान खरे आहे, पण त्यावरचा उपाय देणे न्यायालयाच्या अधिकारात बसत नाही. त्यानंतर बरीच वर्षे धडपड चालली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दखल घेण्यास नकार दिल्यावर ते प्रकरण कायमचे मिटले.

स्वित्झर्लंडमधल्या वृद्ध महिलांच्या संघटनेने वेगळा रस्ता धरला. उष्णतेच्या लाटेत वयस्कर स्त्रियांच्या मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हा त्यांच्या दाव्याचा पाया होता. देशातल्या न्यायालयांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. पण ९ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दोन हजारांहून अधिक सदस्य असलेल्या या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. सोबतच्या चार महिलांना व्यक्तिशः ‘पीडित’ मानण्यास न्यायालयाने नकार दिला, पण संघटनेला दाद मागण्याचा अधिकार आहे असे म्हटले. त्याच दिवशी पोर्तुगालच्या सहा तरुणांची याचिका मात्र, त्यांनी आधी स्वतःच्या देशातल्या न्यायालयांत दाद मागितली नव्हती या मुख्य कारणावरून, अग्राह्य ठरली. याचा व्यावहारिक अर्थ असा, की संघटित होऊन आणि देशातल्या सर्व पायऱ्या चढून वर गेलेल्यांना युरोपात तरी दार उघडे आहे.

अमुक कंपनीच्या धुरामुळे अमुक माणसाचे नुकसान झाले, हे सिद्ध कसे करणार?

या प्रश्नाचे उत्तर एका तळ्याच्या काठावरून द्यावे लागेल. पेरू देशात आंदीज पर्वतावर साडेचार हजार मीटर उंचीवर पाल्काकोचा नावाचे सरोवर आहे. हिमनदी वितळून त्यात पाणी येते आणि हिमनदीनेच लोटून आणलेल्या दगडमातीच्या बांधामागे ते अडून राहते. १९४१ साली हा बांध फुटून खालच्या वारास शहराचा मोठा भाग वाहून गेला होता आणि हजारो माणसे दगावली होती. गेल्या काही दशकांत हिमनदी मागे हटत गेली आणि सरोवरातले पाणी कित्येक पटींनी वाढले. ते उपसत राहण्यासाठी तिथे पाइप टाकलेले आहेत. त्याच शहरात सौल लुसिआनो ल्यूया या शेतकऱ्याचे घर आहे. डोंगरवाटांवर वाटाड्याचे कामही ते करतात, त्यामुळे बर्फ मागे सरकताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

या शेतकऱ्याने २०१५ साली जर्मनीतल्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीविरुद्ध, तिच्याच शहरात म्हणजे एसेनमध्ये, दावा लावला. औद्योगिक काळापासूनच्या जगातल्या एकूण उत्सर्जनात या कंपनीचा वाटा ०.४७ टक्के आहे, म्हणून सरोवरापासून संरक्षणाच्या खर्चातला ०.४७ टक्के वाटा, सुमारे १७ हजार युरो, तिने उचलावा, एवढीच त्यांची मागणी होती. मागणी इतकी छोटी आणि इतकी नेमकी ठेवल्यामुळे ‘सगळ्या जगाचे पाप आमच्या माथी का’ हा कंपनीचा बचाव बराच बोथट झाला. शेजाऱ्याच्या मालमत्तेला उपद्रव देऊ नये, या जर्मन दिवाणी कायद्यातल्या जुन्या तत्त्वाचा इथे आधार घेतला होता, फक्त हा शेजारी हजारो किलोमीटर दूर राहत होता. खालच्या न्यायालयाने २०१६ मध्ये दावा फेटाळला. हामच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने मात्र २०१७ मध्ये पुरावा घेण्याचे ठरवले, आणि २०२२ मध्ये न्यायाधीश व तज्ज्ञ प्रत्यक्ष पेरूला जाऊन ते सरोवर, तो बांध आणि ते घर पाहून आले.

२८ मे २०२५ रोजी दावा फेटाळला गेला. पुढच्या तीस वर्षांत या विशिष्ट घरापर्यंत पुराचे पाणी पोहोचण्याची शक्यता साधारण एक टक्का आहे, म्हणजे कायद्याला अपेक्षित असलेल्या धोक्यापेक्षा ती फार कमी आहे, असे न्यायालयाला वाटले. परंतु त्याच निकालपत्रात असेही म्हटले आहे, की मोठ्या उत्सर्जकाला त्याच्या उत्सर्जनाच्या परिणामांसाठी तत्त्वतः जबाबदार धरता येते आणि अंतर जास्त असणे हे जबाबदारी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. शेतकऱ्याला पैसे मिळाले नाहीत, हे खरे आहे आणि ते सौम्य शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. तरीही पुढच्या एखाद्या घराचा धोका मोठा निघाला, तर त्या दाव्याला जर्मनीत आता अशा तर्काचा आधार मिळेल.

यामागच्या शास्त्राविषयी थोडे. एखाद्या घटनेचा संबंध हवामान बदलाशी जोडण्यासाठी शास्त्रज्ञ संगणकीय प्रारूपे दोनदा चालवतात. एकदा मानवी उत्सर्जनासह, एकदा त्याविना. दोन्हींतल्या फरकावरून अशी उष्णतेची लाट किंवा असा पाऊस होण्याची शक्यता किती पटीने वाढली हे काढले जाते. २००३ साली युरोपात आलेल्या उष्णतेच्या लाटेवर २००४ मध्ये असे संशोधन प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून हे शास्त्र झपाट्याने पुढे गेले. उत्सर्जनाचा हिशेब मांडणे हे त्याहून वेगळे काम. रिचर्ड हीडी यांच्या अभ्यासानुसार १७५१ ते २०१० या काळातल्या औद्योगिक कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनपैकी सुमारे ६३ टक्के वाटा कोळसा, तेल, वायू व सिमेंटच्या ९० उत्पादकांकडे जातो. तत्पूर्वी ‘प्रदूषण सगळेच करतात’ असे म्हणून विषय संपवता येत असे. आता नावे आणि आकडे दोन्ही समोर आहेत.

कंपनीला उत्सर्जन घटवण्याचा आदेश देता येतो का?

एकदा दिला गेला आणि नंतर मागे घेतला गेला. हेगच्या जिल्हा न्यायालयाने २६ मे २०२१ रोजी शेल कंपनीला २०३० पर्यंत आपले उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत निव्वळ ४५ टक्क्यांनी घटवण्यास सांगितले. यात तिचे तेल जाळणाऱ्या ग्राहकांच्या उत्सर्जनाचाही समावेश होता, मात्र त्या भागापुरते बंधन ‘कसोशीने प्रयत्न करण्या’चे होते. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी अपील न्यायालयाने हा आदेश रद्द केला. एका कंपनीसाठी अमुक टक्केवारी ठरवण्याइतके शास्त्रज्ञांचे एकमत नाही, हे त्याचे मुख्य कारण. धोकादायक हवामान बदल रोखण्यासाठी हातभार लावण्याचे कर्तव्य कंपन्यांवरही आहे, हे मात्र याच निकालाने मान्य केले आहे.

एखादा विशिष्ट प्रकल्प थांबवता येतो का?

हो, आणि माझ्या मते आजवरचे सर्वांत ठोस यश याच प्रकारात आले आहे, कारण इथे न्यायालयाला साऱ्या जगाचा विचार करावा लागत नाही, समोरच्या एका मंजुरीची फाइल तपासावी लागते. दक्षिण आफ्रिकेत २०१७ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने थाबामेत्सी कोळसा वीज प्रकल्पाच्या बाबतीत, हवामानावरील परिणाम न तपासता पर्यावरणीय मंजुरी देता येत नाही, असे ठरवले. तो प्रकल्प पुढे उभा राहिलाच नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या भूमी व पर्यावरण न्यायालयाने २०१९ मध्ये रॉकी हिल कोळसा खाणीला परवानगी नाकारली, आणि त्यामागच्या कारणांत हवामान बदल हे एक होते.

ब्रिटनमधला फिंच खटला तर अगदी साध्या प्रश्नावर उभा होता. सरे परगण्यात तेलविहिरींना परवानगी देताना, तिथली यंत्रे चालवताना होणारे उत्सर्जन मोजले गेले होते, पण बाहेर काढलेले तेल जाळल्यावर होणारे उत्सर्जन मोजलेच नव्हते. तेल काढले म्हणजे ते जाळले जाणारच, मग त्याचा धूर हिशेबात का धरायचा नाही? २० जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो धरलाच पाहिजे असे सांगितले. प्रकल्पाला परवानगी द्यायची की नाही हे अजूनही प्रशासनच ठरवणार, पण आता ते आकडा समोर ठेवून ठरवावे लागेल.

लहान मुले खटले लढवतात, हे केवळ लक्ष वेधण्यासाठी असते का?

मुलांना पुढे केल्याने प्रसिद्धी मिळते हे खरे आहे, पण त्यांना वादी करण्यामागे कायदेशीर कारणही आहे. २०५० साली किंवा त्यानंतर होणाऱ्या नुकसानीबद्दल आज ज्येष्ठ असलेला माणूस काय सांगणार? ते नुकसान ज्यांच्या आयुष्यात होणार आहे, तीच माणसे न्यायालयासमोर हवीत. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच, जंगलतोडीच्या परवान्यांविरुद्धच्या खटल्यात, मुलांना स्वतःच्या आणि पुढच्या पिढ्यांच्या वतीने दाद मागण्याची मुभा दिली होती.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १६ मुलांनी व तरुणांनी २०२० साली लावलेल्या खटल्याची सुनावणी जून २०२३ मध्ये झाली. सुनावणीच्या वेळी सर्वांत लहान वादी पाच वर्षांचा होता. प्रकल्पांना मंजुरी देताना हरितगृह वायूंचा विचार करण्यास प्रशासनाला मनाई करणारा राज्याचा कायदा, हा वादाचा विषय होता. राज्याच्या १९७२ च्या घटनेत स्वच्छ आणि निरोगी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला आहे. त्या एका वाक्यावर न्यायाधीश कॅथी सीली यांनी १४ ऑगस्ट २०२३ रोजी मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दक्षिण कोरियाच्या घटना न्यायालयानेही २९ ऑगस्ट २०२४ रोजी, तरुण व मुले ज्यांत याचिकाकर्ते होती अशा प्रकरणांत, २०३१ ते २०४९ या काळासाठी उद्दिष्टेच न ठरवणारी कायद्यातली तरतूद घटनेशी विसंगत ठरवली.

निकालानंतर खरोखर काही बदलते का?

काही ठिकाणी बरेच, काही ठिकाणी फारच थोडे. नेदरलँड्समध्ये उर्गेंडा निकालामुळे हेमवेख हा कोळसा वीज प्रकल्प ठरल्यापेक्षा काही वर्षे आधी, २०१९ च्या अखेरीस बंद झाला, आणि २०२० मध्ये देशाने २५ टक्क्यांचे उद्दिष्ट जेमतेम गाठले. त्यात महामारीमुळे ठप्प झालेल्या व्यवहारांचा हातभार होता, हे सांगायलाच हवे. जर्मनीत निकाल जाहीर झाल्यावर सरकारने दोन आठवड्यांत नवा मसुदा आणला. २०३० चे उद्दिष्ट ५५ वरून ६५ टक्के झाले आणि कार्बन तटस्थतेचे (जितके उत्सर्जन तितकेच शोषण होण्याचे) वर्ष २०५० वरून २०४५ वर आले.

पाकिस्तानातला लेघारी खटला याहून वेगळा आणि तितकाच शिकण्यासारखा आहे. एका शेतकऱ्याची २०१५ मधली तक्रार अशी होती, की देशाने २०१२ साली हवामान धोरण केले, पण त्यावर कृती काहीच झाली नाही. लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सय्यद मन्सूर अली शाह यांनी संबंधित खात्यांच्या अधिकाऱ्यांना न्यायालयात बोलावले, कोणी काय केले ते विचारले, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्याने एक आयोगच नेमला. पुढच्या दीडेक वर्षात प्राधान्याच्या कामांपैकी सुमारे दोन तृतीयांश कामे झाल्याचे आयोगाने नोंदवले. इथे आदेशापेक्षा पाठपुरावा कामाला आला.

उलट बाजूही पाहावी. युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर जून २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी, आपण पुरेसे करत आहोत, अशा आशयाची घोषणा मंजूर केली. कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये २५ तरुणांच्या याचिकेवर ॲमेझॉनच्या जंगलाला हक्क असलेली ‘व्यक्ती’ मानून जंगलतोड थांबवण्याचे आदेश दिले, पण झाडे तोडणाऱ्या कुऱ्हाडीपर्यंत ते आदेश पुरते पोहोचले नाहीत. न्यायालयाकडे ना सैन्य असते ना तिजोरी. निकालाची अंमलबजावणी होते, ती मागे लागणारी माणसे असतात तिथे.

हरल्यास आधीपेक्षा वाईट स्थिती होऊ शकते का?

होऊ शकते. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये एका न्यायाधीशाने, खाणीला परवानगी देताना मुलांचे नुकसान होऊ नये याची काळजी घेण्याचे कर्तव्य मंत्र्यांवर आहे, असे म्हटले होते. मार्च २०२२ मध्ये पूर्ण पीठाने ते मत उलटवले आणि तो पूर्वनिर्णय आता पुढच्यांच्या वाटेत उभा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या प्रकरणात वीज प्रकल्पांच्या उत्सर्जनाविषयीचे पर्यावरण संस्थेचे अधिकार आकसून टाकले. म्हणून अपुऱ्या तयारीने, केवळ उत्साहाच्या भरात दावा लावू नये.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत बंधनकारक नाही. मग त्याचा उपयोग काय?

हवामान बदलाबाबत देशांची कर्तव्ये कोणती, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावे, या कल्पनेवर पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या २७ विधी विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये वानुआतू या छोट्या बेट-देशाच्या राजधानीत, एका अभ्यासक्रमाच्या वर्गात, काम सुरू केले. वानुआतू सरकारने ती उचलून धरली, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने प्रश्न पाठवला, आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपले सल्लागारी मत दिले. तेही सर्व न्यायाधीशांच्या एकमताने. एका वर्गातून निघालेला प्रश्न सहा वर्षांत जगातल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोहोचला, याचे मला आजही विलक्षण अप्रूप वाटते.

त्या मताचा सारांश असा. हवामानाच्या रक्षणाचे कर्तव्य केवळ करारांतून नव्हे तर रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही येते, त्यामुळे करारातून बाहेर पडलेला देशही त्यातून सुटत नाही. जीवाश्म इंधनाचे उत्पादन, त्याला दिलेली सवलत किंवा शोधाचे परवाने, हे बेकायदा कृत्य ठरू शकते. आणि नुकसानीशी पुरेसा कार्यकारणसंबंध दाखवता आला तर भरपाईही मागता येते. हे मत कोणावर थेट बजावता येत नाही, परंतु देशोदेशीच्या न्यायालयांत वकील ते पुढे ठेवू शकतात आणि वाटाघाटींत छोट्या देशांच्या हाती ते आहे.

पर्यावरणाचीच दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड आली तर?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर नेमके हेच झाले. माळढोक हा जड अंगाचा पक्षी आहे, समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि उडताना तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. त्याला वाचवण्यासाठी न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान व गुजरातच्या मोठ्या प्रदेशात वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्यास सांगितले. पण तोच प्रदेश सौरऊर्जेसाठी सर्वांत सोयीचा आहे. २१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने आधीचा सरसकट आदेश मागे घेतला आणि तपशील ठरवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो, असे प्रथमच स्पष्टपणे म्हटले गेले. एक दुर्मीळ पक्षी आणि एक नवा हक्क एकाच निकालपत्रात आमनेसामने आले आहेत, आणि मला हा ताण सोपा वाटत नाही.

किती वेळ आणि किती खर्च लागतो?

उर्गेंडाला सहा वर्षे लागली, स्विस महिलांना सात वर्षांहून अधिक, पेरूच्या शेतकऱ्याला जवळपास दहा. खर्चाचा आकडा देशागणिक बदलतो. काही देशांत हरणाऱ्याला समोरच्याच्या वकिलाचेही पैसे द्यावे लागतात, आणि सामान्य माणसाला दारातच रोखणारी खरी भीती ती आहे. पर्यावरणाविषयी माहिती आणि न्याय मिळण्याचा लोकांचा हक्क मान्य करणाऱ्या आऱ्हुस या आंतरराष्ट्रीय करारात सामील असलेल्या देशांमध्ये पर्यावरणविषयक दाव्याचा खर्च न परवडण्याइतका असू नये, असे बंधन आहे.

दावा करण्याआधी कोणती तयारी करावी?

आधी सरकारने किंवा कंपनीने स्वतः काय लिहून दिले आहे ते शोधावे. कायदा, धोरण, आंतरराष्ट्रीय बैठकीत दिलेले उद्दिष्ट, भागधारकांना पाठवलेला वार्षिक अहवाल, पर्यावरणीय मंजुरीची फाइल. वर सांगितलेल्या यशस्वी खटल्यांपैकी बहुतेकांत निर्णायक कागद प्रतिवादीच्याच कपाटातला होता. माहिती मागण्याचा कायदा असेल तर त्याखाली लेखी अर्ज करावा आणि नकार मिळाला तर तोही जपून ठेवावा. मागणी छोटी आणि मोजता येण्याजोगी ठेवावी.

दुसरी तयारी स्वतःच्या नुकसानीच्या नोंदींची. विहिरीची पाणीपातळी, पिकाच्या पेरणी-काढणीच्या तारखा, उष्माघाताचे वैद्यकीय कागद, पुराच्या पाण्याची भिंतीवरची खूण आणि तिचे तारखेसह छायाचित्र, हे सारे घटना घडते तेव्हाच नोंदवले गेले पाहिजे, कारण नंतर आठवून लिहिलेली वही उलटतपासणीत टिकत नाही. नोंद एकाच जागेवरून, एकाच पद्धतीने, शक्य तितकी वर्षे व्हावी, आणि ज्याने ती केली त्याची सही प्रत्येक पानावर असावी.